जाळीची पलीकडची बाजू

छपाई बघायला आलेल्या माणसाला छापणारा दिसतो. जाळीची चौकट कापडावर टेकते, रबराची पट्टी एका दमात शाई ओढत नेते, चौकट उचलली की खाली चित्र. बघणारा "वा!" म्हणतो. ती जाळी आदल्या दिवशी घासली कुणी, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आमच्याकडे छापणारा मी आणि घासणारा दादा, त्यामुळे वाहवा सगळी मला मिळाली आणि कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या त्याला. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. मला हल्ली वाटतं.

आमचा कारखाना एका गॅरेजच्या मागे आहे. कारखाना हा दादाचा शब्द, बाकीचे लोक खोलीच म्हणतात. पुढे छपाईची टेबलं, मध्ये वहिनींचं घड्या घालून गठ्ठे बांधायचं टेबल, मागे एका कोपऱ्यात पिवळ्या बल्बची अंधारी खोली आणि तिच्या शेजारी, वहिनींच्या टेबलावरून सरळ दिसेल अशी, पत्र्याचा आडोसा करून केलेली धुण्याची जागा. तिथे सिमेंटचा हौद, जोराचं पाणी मारायची बंदूक आणि भिंतीला फ्रेमा टांगायच्या खुंट्या. दादा दिवसभर तिथेच असायचा. गॅरेजवाला त्याला "धोबी" म्हणायचा आणि दादा त्याला "लोहार". दोघांचं उत्तम चालायचं.

काम सांगायला सोपं आहे. फ्रेमवर बारीक जाळी ताणायची. तिचा तेलकटपणा घासून काढायचा. अंधाऱ्या खोलीत तिच्यावर हिरव्या इमल्शनचा थर द्यायचा, वाळला की वर चित्राची फिल्म ठेवून उजेड द्यायचा. उजेड लागेल तिथे थर पक्का होतो, झाकलेला भाग पाण्याने निघून जातो आणि तेवढ्याच वाटेने शाई उतरते. छपाई संपली की रिमूव्हर लावायचा, तो हिरवा थर सैल करतो, मग पाण्याचा मारा करायचा. जाळी पुन्हा कोरी, पुढच्या चित्राला मोकळी.

यात एकच गोष्ट चुकवायची नाही, आणि ती दादा मला कानीकपाळी ओरडून सांगायचा: रिमूव्हर जाळीवर वाळू द्यायचा नाही. ओला आहे तोवर तो थर सोडवतो. वाळला की तोच थर असा बसवतो की मग काहीही करा, निघत नाही. जाळी कायमची बंद, भंगारात. "फोन येऊ दे, गिऱ्हाईक येऊ दे, पत्रा डोक्यावर पडू दे," दादा म्हणायचा, "आधी पाणी मार." मी मान हलवायचो. मला धुवायचंच नव्हतं, मग ऐकतोय कशाला? पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच्या आणखी दोन सवयी सांगायला हव्यात. एक म्हणजे तो डावखुरा होता आणि घासायला खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायचा. जग भिंत वरून रंगवतं, हा पठ्ठ्या खालून वर जायचा, गोल ब्रशने छोटे छोटे फेर घेत, एकही जागा न सोडता. दुसरी म्हणजे जाळी धुऊन झाली की ती ओली फ्रेम दोन्ही हातांनी तोंडासमोर धरायचा आणि तिच्यातून वहिनींच्या टेबलाकडे बघायचा. "धुतलेली जाळी कशी पाहिजे? पलीकडचं माणूस ओळखू आलं पाहिजे." मग तिथूनच हाक मारायचा, "दिसतेस गं!"

वहिनी घडीवरची नजर न उचलता म्हणायच्या, "दिसू दे."

एवढंच. रोजचं.

दादा गेला तो फार त्रास न देता गेला. छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवलं, बरं वाटतंय म्हणाला. वहिनी घरून त्याचा धुतलेला शर्ट आणायला गेल्या, मी खाली औषधाच्या रांगेत. वर आलो तेव्हा कुणीतरी त्याचे डोळे मिटवलेसुद्धा होते. वहिनी शर्ट घेऊन दारात उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी तो त्याच्या उशाशी ठेवला, इस्त्री मोडू नये अशा बेताने.

पुढे काही महिन्यांनी, गठ्ठे बांधता बांधता त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, ह्यांचे डोळे कसे होते हो?"

"असतात तसे. काळे. म्हणजे, तपकिरी."

"रंग नाही विचारला."

मी हातातली पट्टी पुसत राहिलो. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं होतं आणि सांगता येत नव्हतं.

"फोटो बघा ना," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी जीभ चावली. फोटोत दादा डोळे मिटायचा. फ्लॅश उडाला की ह्याच्या पापण्या खाली, लहानपणापासून. लग्नाच्या अल्बममध्ये शेवटी फोटोवाला वैतागून म्हणाला होता, "नवरदेव, डोळे उघडा, बायको कुठे पळून जात नाही." सगळे हसले, दादा पण हसला, डोळे मिटून. ओळखपत्रावर तेवढे उघडे आहेत असं वाटतं, पण तिथे बरोबर डोळ्यांवरच शिक्का बसलाय. घरात ढीगभर फोटो आहेत आणि एकातही तो बघत नाही.

"शेवटचं बघितलं असतं तर राहिले असते लक्षात," वहिनी म्हणाल्या. "इतक्यांदा हाक मारायचे. एकदा वर बघायला काय झालं होतं मला?"

मी म्हणालो, असं मनाला लावून घेऊ नका. असं काहीतरी म्हणावं लागतं म्हणून.

त्यानंतर छत्रीच्या दुकानाचं काम आलं. उघडलेली छत्री, माणसाच्या उंचीची, पांढऱ्या कापडी फलकांवर. एवढी मोठी फ्रेम आमच्याकडे एकच होती, दादाने जाण्याच्या आधी ताणलेली. वरच्या खुंटीवर टांगलेली होती, एकदाही न वापरलेली. मी उतरवली, हौदात उभी केली आणि तेलकटपणा काढायला घासली. मधोमध एक फिकट सावट होतं. कोऱ्या जाळीवर डाग येण्याचं कारण नाही, कारण डाग शाईचा राहतो आणि हिने शाई पाहिलीच नव्हती. ओल असेल म्हटलं. थर दिला, उजेड दिला, छत्री उमटवली, फलक छापले. छान आले.

मग रिमूव्हर लावला.

थर सुटतो तेव्हा आधी जाळीवर हिरवे ओघळ दिसतात, मग ते एकमेकांत मिसळतात. त्या मिसळण्यात छत्री विरघळली आणि तिच्या जागी एक कपाळ दिसलं. खाली नाकाची रेघ. मी पाणी मारलं, सगळं वाहून गेलं, जाळी स्वच्छ. मी स्वतःशी हसलोसुद्धा. ढगात हत्ती दिसतो, भिंतीच्या ओलीत म्हातारी दिसते, तसं हे. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. आजही नाही, फक्त आज ते ठणकावून सांगता येत नाही.

फ्रेम फिरवून मागची बाजू पाहिली. तिथे फेसाचे फेर राहिले होते. छोटे, गोल, खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वर गेलेले. मी उजव्या हाताने घासतो आणि वरून सुरुवात करतो. मागून तर मी अजून ब्रशच लावला नव्हता. लावला असेल, विसरलो असेन, असं ठरवून मी ते धुऊन टाकले.

दुकानदाराला छत्रीच्या दांड्याचा रंग बदलून हवा होता म्हणून तीच जाळी पुन्हा तयार केली. या वेळी धुताना वहिनी बादली न्यायला मागे आल्या होत्या. मी रिमूव्हर मारला, ओघळ सुटले, छत्री गेली. कपाळ, नाक, जिवणी. उजव्या भुवईत केस नसलेली तिरकी रेघ, लहानपणी सायकलवरून पडला तेव्हाची. ती माझ्या डाव्या हाताला होती. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची असते तशी.

डोळे मिटलेले होते.

वहिनींच्या हातून बादली पडली नाही, त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी बादली नीट खाली ठेवली. "हे आहेत," त्या म्हणाल्या, दारात कुणी आलं की सांगतात तसं.

"वहिनी, रंगाचे ओघळ आहेत."

"भुवई बघा."

मी पाणी मारलं. मारायलाच हवं होतं. चेहरा गेला. वहिनी माझ्याकडे असं बघायला लागल्या, जणू मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

त्यानंतर काम नसताना ती जाळी तयार व्हायला लागली. थर द्यायचा, वाळवायचा, नुसताच उजेड द्यायचा आणि मग रिमूव्हर. चेहरा दिसायचा तो त्या मधल्या वेळातच, थर सुटायला लागल्यापासून पाणी मारेपर्यंत. वहिनी दुपारी गठ्ठे बांधून झाले की विचारायच्या, "आज एकदा?" मी नाही म्हणायचो. मग करायचो. एकदा मी कुरकुरलो की इमल्शन उगाच जातंय आणि जाळी झिजेल.

"छत्र्या छापताना झिजत नाही," त्या म्हणाल्या. "मी बघायला मागितली की झिजते होय?"

खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. दर वेळी तो थोडा जास्त स्पष्ट व्हायचा. हनुवटीवरची खुंटं दिसायला लागली. कानामागची केसांची ती बट, जी कधी बसायचीच नाही. एकदा ओठ किंचित आवळलेले होते, तो जोर लावून घासताना आवळायचा तसे. आणि दर वेळी फ्रेम फिरवली की मागे ते फेर. मी वहिनींना ते दाखवले नाहीत. पण एका दुपारी मी मुद्दाम पुढच्या बाजूला ब्रश न लावता उभा राहिलो, दोन्ही हात मागे बांधून, आणि ऐकलं. गॅरेजमधली ठोकाठोक चालू होती, तरी ते ऐकू आलं. जाळीवर ब्रश फिरतो त्याचा बारीक आवाज, लयीत, अजिबात घाई नसलेला.

तो पलीकडून घासत होता. मी थर सोडवत होतो तो इकडून, आणि तो तिकडून.

वहिनींनी पण ऐकलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "त्यांना दिसत नसेल का हो अजून?"

त्यांनी पदर खोचला, केस नीट केले आणि जाळीच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या वेळेपासून त्या तशाच उभ्या राहायला लागल्या, समोर, मान वर करून.

त्या दिवशी ऊन कडक होतं. पत्रा तापला होता, हौदातलं पाणीसुद्धा कोमट. अशा दिवशी जाळी धुवायची नाही किंवा आधी पत्र्यावर पाणी मारून घ्यायचं, हे दादा सांगायचा. गॅरेजवाले जेवायला गेले होते, त्यामुळे शांतता होती. मी रिमूव्हर मारला आणि पाण्याची बंदूक उचलून तयार राहिलो.

चेहरा लगेच आला, आजवर आला नव्हता इतका स्वच्छ. ब्रशचा आवाज चालू होता. मग थांबला.

पापण्या हलल्या.

वहिनींनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. "थांबा," त्या म्हणाल्या. "पाणी नको."

"नाही मारत."

डाव्या पापणीखाली एक बारीक रेघ उजळली. मग उजव्या.

"उघडतायत."

फ्रेमच्या कडेला हिरवा रंग फिका पडायला लागला होता. मला दिसत होतं. रिमूव्हर कडेने वाळतो, मग आत सरकतो. मला हेही कळत होतं की किती वेळ हातात आहे.

"वहिनी, वाळतोय. मारतो पाणी. उद्या पुन्हा करू."

"एवढं होऊ दे. बघतायत ते."

त्यांनी माझा हात धरला नाही. बंदूक मीच खाली केली. मलाही ते डोळे हवे होते.

पापण्या अजून वर गेल्या, नखाच्या जाडीएवढ्या. आत काहीतरी ओलसर चमकलं. नजर अजून कुणावर नव्हती. झोपेतून उठलेला माणूस आधी कुठेच बघत नाही, तशी.

"इकडे," वहिनी म्हणाल्या. "मी इकडे आहे. वर बघितलंय मी."

बुबुळं सरकायला लागली.

कडेचा फिकेपणा कपाळाला लागला.

मी बंदूक दाबली. पाणी आदळलं, उडालं, आम्ही दोघंही भिजलो. मी दाबून धरली ती हौद भरून वाहेपर्यंत. पाणी थांबलं तेव्हा जाळीवर चेहरा नव्हता. सगळीकडे एकसारखा, गुळगुळीत, हिरवा थर होता. बंद. एक भोक मोकळं नव्हतं.

दादाने सांगितलेलं आणि न सांगितलेलं सगळं मी करून पाहिलं. पुन्हा रिमूव्हर, थिनर, उकळतं पाणी, कडक केमिकल ज्याने माझ्या बोटांची साल निघाली. मनात एकच चाललं होतं, की हे मला कुणी शिकवलं, किती वेळा शिकवलं. आणि आता त्याच्याच तोंडावर मी हे केलं. वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या ते एवढंच, "माझ्यामुळे झालं. तुम्ही सांगत होतात."

मी म्हणालो, माझ्यामुळे. आम्ही बराच वेळ त्यावर भांडलो, दोषासाठी, लोक वाटणीसाठी भांडतात तसे. मग गॅरेजवाले जेवून आले आणि ठोकाठोक सुरू झाली.

अशी जाळी फाडून टाकतात आणि फ्रेमवर नवी ताणतात. माझ्याच्याने ते होत नाही. मी ती वरच्या खुंटीवर टांगली, मागची बाजू पत्र्याला अगदी टेकून. मध्ये बोटही जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढून मागे गेलो तर पत्र्यावरून पाण्याचा ओघळ खाली आला होता. फ्रेम उतरवून फिरवली. मागची बाजू ओली होती. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेले गोल फेर, छोटे छोटे, एकही जागा न सोडता वरपर्यंत गेलेले. थर जिथल्या तिथे.

तेव्हापासून रोज असं आहे. तो घासतो. रिमूव्हर वाळला की थर निघत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, पण त्याच्या बाजूने हे वाळलंय हे त्याला दिसत नसावं. तिकडे कोण सांगणार त्याला? एकदा मी जाळीला तोंड लावून म्हणालो, "दादा, सोड आता, गेली ही." माझ्या श्वासाने थरावर वाफ धरली आणि गेली. दुसऱ्या सकाळी फेर होतेच, जरा दाबून मारलेले.

वहिनींनी आपलं टेबल फिरवून घेतलंय. आता त्या धुण्याच्या जागेकडे तोंड करून बसतात. घड्या घालताना दर थोड्या वेळाने मान वर करून त्या हिरव्या चौकोनाकडे बघतात, कुणी हाक मारलेली नसताना. मधूनच म्हणतात, "नाही दिसत हो." ते मला उद्देशून नसतं, म्हणून मी छापत राहतो.

आज सकाळी वहिनी माझ्या आधी आल्या होत्या. फ्रेम खुंटीवरून उतरवून त्यांनी टेबलावर पालथी ठेवली होती आणि तिच्यासमोर हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं. मागची बाजू ओली होती, पण ब्रशचे फेर नव्हते.

खालच्या डाव्या कोपऱ्यातून पाच रेघा वर गेल्या होत्या, हाताच्या बोटांएवढ्या अंतरावर.